मिस्टर रात्रभर घोरतात आणि गोळ्या घेऊनही उपाशीपोटीची शुगर उतरत नाही. दोन्हींचा संबंध असेल का?

असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण मला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार आहे आणि तीन वर्षं सीपॅप मशीनचा (हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र) मास्क लावून झोपतोय, तेव्हा पेशंट म्हणून सांगतो.

मी घोरायला लागलो की आई म्हणायची, "दमलाय बिचारा, गाढ झोपलाय." बायकोने मात्र नेमकं हेरलं होतं. घोरणं मध्येच बंद पडायचं, सगळं शांत, आणि मग गचका बसून श्वास परत सुरू. घोरण्यापेक्षा ती मधली शांतता वाईट. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला किंवा फार उथळ झाला की स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीत, एक घटना मोजतात. तासाला 30 च्या वर गेलं की आजार तीव्र. माझा आकडा 38 आला.

आता शुगरचं. घसा मिटला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू घाबरून अर्धवट जागं करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. पण दर खेपेला अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. म्हणजे माणूस अंथरुणात, शरीर मात्र रात्रभर पळतंय! बीपीही त्यातच चढतं. उलट बाजूनेही हे चालतं: वजन वाढलं की मानेत, जिभेत चरबी साठते आणि घसा आणखी अरुंद होतो. अर्थात सकाळची शुगर चढायला दुसरीही कारणं असतात, सगळं घोरण्यावर ढकलू नका.

मशीन लावल्यावर शुगर उतरेल का? खरं सांगायचं तर खात्री नाही. चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत, बीपी थोडं उतरतं एवढं बऱ्यापैकी दिसलंय. माझी शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 8.1 वरून 7.6 झाली, पण त्याच काळात सहा किलो वजनही गेलं, मग श्रेय कुणाला देणार? गाडी चालवताना डुलकी यायची ती थांबली, मला तेवढं पुरे. वजन दहा टक्के घटलं तर श्वास अडखळणं साधारण पाव हिश्श्याने कमी होतं, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात दिसलं होतं.

एक गोष्ट विचारून बघा: रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात का? आम्ही ते शुगरच्या खात्यावर टाकत होतो. ते श्वास अडकण्यामुळेही होतं. शिवाय सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, हेही बघा.

मोबाइलवर दहा-पंधरा मिनिटं घोरणं रेकॉर्ड करा आणि शुगरच्या डॉक्टरांना ऐकवा, स्लीप स्टडीचं विचारा. ती आता घरीही होते. तोवर गोळ्यांमध्ये स्वतःहून फेरफार नको, आणि रात्रीचा पेग असेल तर तो बंद, त्याने घसा आणखी सैल पडतो. रेकॉर्डिंग मात्र मिस्टरांना सांगून करा. आमच्याकडे न सांगता केलं होतं, दोन दिवस अबोला होता.