मर्कट चढतोय की उतरतोय?

शाहूपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची लेक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या पुस्तकात सार अलंकाराची व्याख्या 'कल्पनांचा उत्कर्ष किंवा अपकर्ष' अशी दिली आहे आणि खाली 'आधीच मर्कट' हा श्लोक. माकडाची अवस्था तर बिघडतच जाते, मग हा उतरता क्रम धरायचा का? आणि अलंकाराला 'सार' हे नाव कशामुळे?

ताई, हा चढताच क्रम आहे. श्लोक सावकाश म्हणून बघा:

आधीच मर्कट तशातही मद्य प्याला।
झाला तशात जरि वृश्चिकदंश त्याला।
झाली तयास तदनंतर भूतबाधा।
चेष्टा वदू मग किती कपिच्या अगाधा॥

माकडाचे हाल वाढतात हे खरं, पण कवी मोजतोय त्याच्या चेष्टा. जातीचा माकड, त्यात दारू, त्यात विंचू, त्यात भूत. दर पायरीला चेष्टा वाढतात, म्हणून चढण. वाईट गोष्ट वाढत गेली तरी ती वाढच.

चढत्या क्रमाचं मर्म मला कोल्हापूरच्या खासबागेत उमगलं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या या मैदानात जंगी कुस्त्या असल्या की त्याचं पोस्टर आधी बघावं. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत एक नंबरची कुस्ती, खाली दोन, तीन, आणि तळाला बारक्या पोरांच्या जोड्या. मैदान मात्र उलटं चालतं. ऊन असतं तेव्हा बारकी पोरं मातीत उतरतात. मग जोड वाढत जाते, हलगी चढत जाते, माणसं पुढं सरकून बसतात आणि शेवटी एक नंबरची जोड येते. ती कुस्ती दुपारीच लावली तर नंतर मैदानात कोण थांबेल? सार अलंकार चालतो तो असा, मैदानासारखा.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण मात्र पोस्टरसारखी आहे. क्रम उतरता आहेच, पण तो उत्तम, मध्यम, कनिष्ठ या शब्दांनीच सांगून टाकलाय. नोकरी आधी आणि शेती शेवटी म्हटली तरी अर्थाला धक्का लागत नाही. मर्कटाच्या श्लोकात भूतबाधा आधी आणि दारू शेवटी घालून बघा, सगळा जोर निघून जातो. ओळखायची माझी कसोटी हीच: क्रम हलवल्यावर बिघडलं, तर अलंकार त्या क्रमात आहे.

आणखी एक गोष्ट लेकीला दाखवा. मराठीत ही शिडी उभी राहते ती 'त्यात', 'तशातही', 'त्यावर', 'मग तर' अशा बारक्या शब्दांवर. 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास' या म्हणीत दोनच पायऱ्या आहेत, पण मधला 'त्यात' काढला की दोन सुटे तुकडे उरतात. आपल्या 'भारी, लई भारी, जगात भारी' मध्ये ते काम 'लई' आणि 'जगात' करतात.

आता नाव. सार म्हणजे गाभा. लाकडाच्या आतल्या टणक भागालाही संस्कृतात सार म्हणतात. काव्यात नाटक रम्य, नाटकांत शाकुंतल, त्यात चौथा अंक, त्यातही चार श्लोक, हे जुनं उदाहरण घ्या. एकेक साल सोलत आपण गाभ्याशी जातो. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात केलेली व्याख्या अशी आहे: 'उत्तरोत्तरमुत्कर्षो भवेत्सारः परावधिः', म्हणजे पुढंपुढं वाढत थेट टोकाला पोचणारा उत्कर्ष. तिथं अपकर्ष नाही. आपल्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकांनी तो सोबत घेतला, त्यामुळं उतरत्या क्रमालाही ती सारच म्हणतात. परीक्षेत लेकीनं पुस्तकाप्रमाणंच लिहावं.

एका ठिकाणी मात्र तिनं जपावं. 'विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली' या जोतीरावांच्या ओळी पुष्कळजण सार म्हणून सांगतात. तिथं आधीची गोष्ट पुढचीचं कारण होते, कडीत कडी अडकते. मती मोठी की नीती मोठी, हा तिथं प्रश्नच नाही. तो कारणमाला नावाचा वेगळा अलंकार.