आधी वारा मोजा, मग बंकर आखा

गेल्या अंकात व्यावसायिक गोल्फपटू जुने लिंक्स कोर्स (गोल्फची मैदानं) नव्याने कसे आखतात, यावर लेख होता. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेती यांच्यामधल्या वाळूच्या, बिनझाडांच्या, उंचसखल पट्ट्यावरचा कोर्स. स्कॉटलंड-आयर्लंडचा जुना प्रकार. समुद्र दिसला म्हणून कोणताही कोर्स लिंक्स होत नाही. त्या लेखावर कोकणातून बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाचांना इथे उत्तरं देत आहोत.

मोठ्या स्पर्धा खेळलेला माणूस असा कोर्स हाती घेतो तेव्हा सुरुवात कुठून करतो? त्याचं खेळाडू असणं उपयोगी पडतं की आड येतं? (रत्नागिरी)

दोन्ही. उपयोग असा, की चेंडू जमिनीला टेकल्यावर पुढे काय करतो हे त्याला कळतं. लिंक्सवर खरा खेळ तिथून सुरू होतो. कडक वाळूवर चेंडू टेकल्यावरही वीस-तीस यार्ड सहज घरंगळतो. आड येतं ते त्याचं स्वतःचं अंतर. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतला सरासरी ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, १९८० साली सुमारे २५७ यार्ड होता, आज तो ३०० च्या घरात आहे. तो आकडा डोक्यात ठेवून बंकर, म्हणजे अडथळ्याचे वाळूचे खड्डे, पुढे सरकवले की क्लबच्या सभासदाला ते लागतच नाहीत, आणि जुने बुजवले की त्याच्यापुढे खेळायला काही उरत नाही. म्हणून जाणता माणूस प्रत्येक टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) १८०, २२० आणि ३०० यार्डांच्या तीन रेषा नकाशावर मारतो आणि तिन्ही ठिकाणी ‘इथे आल्यावर खेळाडूला काय ठरवावं लागेल?’ हा प्रश्न विचारतो.

त्याआधी वारा. वर्षभर, दिवसातून दोनदा, दिशा आणि वेग लिहून ठेवायचा. वारा समोरून आला की जितकं अंतर घटतं, तितकं तो पाठीमागून आल्यावर वाढत नाही. त्यामुळे एकाच होलाचं (टीपासून झेंड्यापर्यंतच्या टप्प्याचं) दोन वाऱ्यांतलं रूप वेगवेगळं काढावं लागतं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर नऊ होल बाहेर जातात आणि नऊ परत येतात, म्हणजे जाताना वारा तोंडावर असेल तर येताना पाठीवर. म्युरफील्डला पहिले नऊ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, पुढचे नऊ उलटे आणि आतल्या बाजूने. तिथे वारा सलग दोन-तीन होलांपेक्षा जास्त एकाच बाजूने मिळत नाही. अशी मांडणी असेल तर होलांचा क्रम बदलू नये. उत्साही गोल्फपटू नेमकं तेच आधी बदलायला बघतात.

तिसरं काम कागदपत्रांचं. १९४० च्या दशकातले हवाई फोटो मिळाले तर बुजलेले बंकर आणि आक्रसलेल्या ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) जुन्या कडा त्यांत दिसतात. ग्रीनची कड दरवर्षी कापणी यंत्राच्या वळणाबरोबर बोटभर आत येते. पन्नास वर्षांत कोपरे नाहीसे होतात आणि कोपऱ्यातल्या झेंड्याच्या अवघड जागाही त्यांच्याबरोबर जातात. अशा वेळी नवीन काही बांधायचंच नसतं, फक्त कापणीची रेघ मूळ जागी न्यायची असते. हा सगळ्यात स्वस्त बदल. पण त्यात आखणाऱ्याची सही दिसत नाही, म्हणून तो मागेच पडतो.

२०१५ साली ओपन स्पर्धा (ब्रिटिश ओपन) वाऱ्याने थांबवली. ग्रीन सपाट केल्या असत्या तर? (मालवण)

त्या शनिवारी सेंट अँड्र्यूजला ग्रीनवर थांबलेले चेंडू वाऱ्याने आपोआप हलू लागले, खेळ दहा तासांहून अधिक बंद राहिला आणि स्पर्धा सोमवारी संपली. गंमत अशी, की ११ व्या ग्रीनचा मागचा डावा उतार २०१२ पासूनच्या कामात आधीच सौम्य केला होता. त्रास देणाऱ्या ग्रीनमध्ये तरीही तीच पुढे होती.

म्हणजे प्रश्न एकट्या उताराचा नाही, उतार आणि वेग यांच्या जोडीचा आहे. झेंडा लावायच्या जागी उतार १ ते ३ टक्के हवा, म्हणजे मीटरभरात एक ते तीन सेंटिमीटर. स्टिम्पमीटरवर (ग्रीनवर चेंडू किती फूट घरंगळतो ते मोजायच्या पट्टीवर) १० फुटांचा वेग असेल तर ३ टक्क्यांच्या पुढे चेंडू थांबायला कुरकुर करतो. वेग ८-९ वर आणला तर ४ टक्क्यांचा उतारही खेळता येतो. उघड्या किनाऱ्यावर पाती दोन-एक मिलिमीटर उंच ठेवून वेग कमी करणं हा जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. ग्रीन खोदून सपाट करणं महाग पडतं, आणि एकदा गेलेला मूळ वळसा पुन्हा जमत नाही.

टीवरून ग्रीन दिसतच नाही असे ‘आंधळे’ होल काढून टाकावेत का? (देवगड)

नाही. आयर्लंडमधल्या लाहिंचला ‘डेल’ नावाचा तीन फटक्यांचा होल दोन टेकड्यांमध्ये पूर्ण लपला आहे. झेंड्याची दिशा कळावी म्हणून टेकडीवर एक पांढरा दगड ठेवतात, झेंडा हलला की दगडही हलवतात. तेवढ्यावर भागतं. पुढचे खेळाडू ग्रीनवरून बाजूला झाल्याचं कळायला घंटा लावावी, इतकंच.

बंकरची हिरवळीच्या थरांची भिंत कशी रचतात? आपल्याकडे टिकेल का? (दापोली, कृषी पदवीचा विद्यार्थी)

सुमारे ५० मिलिमीटर जाडीचे हिरवळीचे तुकडे विटांसारखे सांधेमोड करून, एकावर एक रचतात. पहिला थर वाळूच्या पातळीखाली, घट्ट ठोकलेल्या पायावर बसवायचा. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बोटभर मागे घ्यायचा आणि दर दोन-तीन थरांनी मागची वाळूमाती ओली करून ठासायची. तळाला वाळू १०० ते १५० मिलिमीटर, कडेला कमी. मागची भरती सैल राहिली तर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला पोट येतं. बहुतेक भिंती पडतात त्या इथूनच. स्कॉटलंडमध्ये दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत उन्हाने वाळून सर्वांत आधी ढासळते. चांगली भिंतही पाच-सहा वर्षांत पुन्हा रचावी लागते. आता जुन्या कृत्रिम हिरवळीचे तुकडे रचूनही भिंती करतात, त्या जास्त टिकतात.

कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो. इथे असली उभी भिंत करू नये. तिच्यामागे पाणी साठून ती आतून सुटते. त्याऐवजी ३० अंशांपेक्षा कमी उताराची, हरळीने झाकलेली कड, तळाला १०० मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप आणि बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून कडेभोवती उथळ चर काढावा. त्याहून बरं म्हणजे बंकरच्या जागी गवताचा खळगा ठेवावा. चेंडूला अडचण तेवढीच होते आणि जूनमध्ये वाळू वाहून जात नाही.

लिंक्सवरच्या फेस्क्यू गवताबद्दलही तुम्ही विचारलं आहे. ते थंड हवेचं गवत, आपल्याकडे एप्रिलही पाहणार नाही. ग्रीनसाठी बर्म्युडाच्या बुटक्या जाती, म्हणजे आपल्या हरळीचीच भावंडं. पाणी खारट असेल तर सीशोर पास्पालम. पास्पालमला खार चालतो म्हणून निव्वळ खाऱ्या पाण्यावर ठेवलं, तर वाळूत मीठ साचून तेही पिवळं पडतं. अधूनमधून गोड्या पाण्याने ते मीठ खाली धुवून काढावंच लागतं.

आमच्या पुळणीमागे वाळूच्या टेकड्या आणि सुरूचं बन आहे. तिथे नऊ होलांचा लिंक्स करू म्हणून बाहेरची माणसं येऊन गेली. गावाने काय विचारावं? (गुहागर तालुका)

टेकड्यांवर नको, हे आमचं सरळ मत आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत (२०११ आणि २०१९) वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात येतात, आणि करमणुकीसाठी टेकड्यांचा आकार बदलायला मनाई आहे. वेळास-आंजर्ल्यापासून खाली अनेक पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात; रात्रीच्या दिव्यांनी पिल्लांची समुद्राची दिशा चुकते.

कायदा बाजूला ठेवला तरी जमीन ऐकत नाही. स्कॉटलंडमध्ये मेनी इथे सरकत्या वाळूवर गवत लावून ती स्थिर केली आणि २०१२ साली कोर्स सुरू झाला. वाळूचं सरकणं हेच त्या जागेचं वैशिष्ट्य होतं. ते थांबल्यामुळे तिचा विशेष वैज्ञानिक महत्त्वाचा दर्जा २०२० साली काढून घेतला गेला. आपल्याकडे मर्यादवेल उपटून टेकडी कापली, तर वादळात लाटेला अडवणारं काही राहत नाही आणि वाळू मागच्या वाडीत येते.

त्या माणसांना खरंच करायचं असेल तर मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बघायला सांगा. तिथे वाळू नाही, त्यामुळे अस्सल लिंक्स होणार नाही. पण उघडा वारा, कडक जमीन आणि लांब घरंगळणारा चेंडू हे तीन गुण मिळतात. सकाळी मतलई वारा पूर्वेकडून, दुपारी खारा वारा समुद्राकडून, म्हणजे एकच होल दिवसात दोनदा बदलतो. ग्रीनखाली मात्र कातळावर थेट माती टाकून चालणार नाही. १०० मिलिमीटर खडी, त्यावर ३०० मिलिमीटर तपासलेली वाळू, खाली जास्तीत जास्त साडेचार मीटर अंतरावर निचऱ्याचे पाइप, आणि ताशी किमान १५० मिलिमीटर पाणी झिरपलं पाहिजे. ही वाळू पुळणीवरून उचलता येणार नाही; कुठून आणणार, ते लेखी घ्या. सड्यावर कातळशिल्पं आहेत का, हेही आधी फिरून बघा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

आणि पाणी. ५०० चौरस मीटरच्या एका ग्रीनला मेमध्ये रोज ४ मिलिमीटर पाणी म्हणजे २,००० लिटर. नऊ ग्रीनना १८,०००. हे साठवणीच्या टाकीतून भागू शकतं. पण १० हेक्टर फेअरवे (टी आणि ग्रीन यांच्यामधला कापलेला पट्टा) हिरवा ठेवायचा म्हटला की हाच हिशेब रोज ४ लाख लिटरवर जातो, तोही गावात टँकर फिरत असतानाच्या महिन्यात. फेअरवे उन्हाळ्यात तपकिरी राहू द्यायला ते तयार आहेत का, हे विचारा. २००६ साली हॉयलेकला ओपन झाली तेव्हा कोर्स वाळून तपकिरी होता, आणि टायगर वुड्सने चार दिवसांत एकदाच ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची काठी) वापरून ती जिंकली. ‘हिरवागार’ हा शब्द त्यांच्या चित्रपत्रकात असेल, तर पाण्याचा आकडा खोटा आहे असं धरून चला.

बैठकीच्या आधी किनारा व्यवस्थापन योजनेचा १:४००० प्रमाणाचा नकाशा मागवा, त्यावर भरतीरेषा आणि टेकड्यांची हद्द तलाठ्याकडून गट क्रमांकांशी जुळवून घ्या. त्यांच्या आराखड्यातला एकही टी त्या हद्दीच्या आत पडत असेल, तर पुढची चर्चा तिथेच थांबवा.