बाग करणाऱ्या आईला दिवाळीच्या विनोदी, पण मनापासूनच्या शुभेच्छा कशा लिहाव्यात?

आपण लिहिले आहे की आपली आई गच्चीवर बाग करते, तिला दर दिवाळीला तेच तेच छापील संदेश येतात, आणि यंदा तिला हसूही येईल व बरेही वाटेल असे काही आपल्याला लिहायचे आहे. माझे पहिले सांगणे असे की ‘आपले आयुष्य फुलांसारखे बहरो’ हे वाक्य संदेशात अजिबात येऊ देऊ नका. आयुष्य बहरो असे कोणीही कोणालाही लिहितो. ‘तुझ्या जास्वंदीवरचे पिठ्या ढेकूण यंदा तरी काढता पाय घेवोत’ असे मात्र ती जास्वंद ज्याने जवळून पाहिली आहे त्यालाच सुचते. आणि कृपा करून सोबत ट्यूलिपच्या ताटव्याचे चित्र जोडू नका. आपल्याकडच्या गच्चीवर ट्यूलिप येत नाही, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसले तरी आपल्या आईला नक्की ठाऊक असेल.

मी हे इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मी दर दिवाळीला बागेच्या वतीने शुभेच्छा पाठवते आणि त्यांतल्या एका शुभेच्छेवरून घरात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. साताऱ्यात आमचे दुमजली घर आहे. खाली आम्ही राहतो, वर धाकटे दीर राहतात आणि गच्ची दोघांची मिळून आहे. आमच्या आळीत एक घरफोडी झाली, तेव्हा भाऊजींनी गणपतीच्या आधी गच्चीवर एलईडीचा एक मोठा फोकस बसवला. तो संध्याकाळी लागे आणि सकाळी कोणाच्या लक्षात आले तर बंद होई. त्या फोकसच्या थेट समोर माझ्या पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या होत्या. जागा पुरेना म्हणून काही कुंड्या मी पाण्याच्या टाकीमागे ठेवल्या होत्या. तिथे दिवसा ऊन चांगले येई, पण फोकसचा उजेड टाकीमुळे अडत असे. सगळी रोपे एकाच जुन्या झाडाचे फुटवे वेगळे करून जूनमध्ये लावलेली होती. माती तीच, शेणखत तेच, निंबोळी पेंड तीच आणि शेंडे खुडणारा हातही माझाच होता.

वसुबारसेला टाकीमागच्या शेवंतीवर हरभऱ्याएवढ्या कळ्या दाटल्या होत्या, काहींनी पिवळा रंग दाखवायला सुरुवात केली होती. फोकससमोरच्या कुंड्यांत नुसता पाला माजला होता. पाने तुकतुकीत, गर्द हिरवी आणि खोडे जोमदार, पण शेंड्याचे पान उलगडून पाहिले की आत आणखी एक पानच निघे. लक्ष्मीपूजनाला देवापुढे घरची शेवंती ठेवायची माझी हौस टाकीमागच्या कुंड्यांमुळे कशीबशी भागली.

शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड काळोखी रात्र लागते. दिवस लहान होऊ लागले की ती फुलायच्या तयारीला लागते आणि रात्री मध्येच तिच्यावर पुरेसा उजेड पडत राहिला तर रात्र लहानच आहे असा तिचा समज होतो. ही काही माझ्या मनची गोष्ट नाही. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून झाडांचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते, हे १९२० साली प्रसिद्ध केले. आज हरितगृहातले शेवंती उत्पादक बाजाराच्या तारखेला फूल मिळावे म्हणून रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात आणि काळे कापड झाकून तो लवकर आणतात. भाऊजींनी तोच उद्योग फुकटात केला, एवढाच फरक.

हे सगळे फराळाच्या ताटावर समजावून सांगण्याऐवजी मी पाडव्याच्या सकाळी गटावर लिहिले ते असे: ‘सर्वांना बागेकडून दीपावलीच्या शुभेच्छा. आपल्या घरात भरपूर उजेड असो आणि तो माझ्या शेवंतीपर्यंत न पोहोचो. वर्षभर मी उपटून फेकला त्या आघाड्याला नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात मान मिळाला, याबद्दल त्याचे अभिनंदन. आता त्याने पुन्हा कुंडीत येऊ नये. पहाटे फिरायला म्हणून निघून कुंपणावरची फुले आकडीने ओढणाऱ्या भाविकांना थंडीत जरा उशिरा जाग येवो. पोरांनी भुईनळे कुंडीच्या काठावर न ठेवता अंगणात ठेवावेत. आईंनी लावलेल्या प्राजक्ताचा सडा यंदाही पडतो आहे. ज्याला त्यांची आठवण येईल त्याने पहाटे यावे, ओंजळभर फुले न्यावीत, झाड मात्र हलवू नये.’

आई म्हणजे माझ्या सासूबाई. शेवटचे वाक्य वाचून माझ्या नणंदेने पुण्याहून फोन केला आणि बराच वेळ प्राजक्ताखेरीज दुसरा विषय निघाला नाही. भाऊजींनी मात्र पहिलेच वाक्य धरले आणि गटावरच उत्तर दिले, ‘वहिनी, दिव्यांचा सण आहे आणि तुम्ही दिव्यावरच रुसलात?’ उत्तर चांगले होते, हे मी तेव्हाही मान्य केले. पण भाऊबीजेला सगळे जमले असताना त्यांनी ‘उजेडाने कधी झाडाचे वाईट होते का, खत कमी पडले असेल’ असे ऐकवले, तेव्हा मी चिवड्याची बशी खाली ठेवून त्यांना गच्चीवर घेऊन गेले आणि दोन्हीकडच्या कुंड्या दाखवल्या. त्यांनी दोन्ही कुंड्या पाहिल्या, टाकीवर हात ठेवला आणि ‘टाकीचा गारवा मानवला असेल’ असे म्हणाले. पुढच्या वर्षी फोकसचे तोंड जिन्याकडे वळले. ते जिन्यात काळोख असतो म्हणून वळवले, शेवंतीसाठी नव्हे, असे त्यांचे आजही म्हणणे आहे. त्या वर्षी दिवाळीत सगळ्या कुंड्या फुलल्या आणि घरातल्या कोणीही त्यावर अवाक्षर काढले नाही.

तेव्हा आपण आईला लिहिताना तिच्या बागेत यंदा प्रत्यक्ष काय घडले ते आधी पाहा. कढीपत्ता वाळून पुन्हा फुटला असेल, ऑक्टोबरमध्ये छाटलेल्या गुलाबाला कोंब आले असतील, मोगऱ्याने दगा दिला असेल. त्यांतले एक घ्या, त्यावर तिची थोडी थट्टा करा आणि मग एक वाक्य असे लिहा की जे फक्त तिलाच लागू पडेल. बागेत राबणाऱ्या माणसाला झाडाचे नाव घेऊन केलेली थट्टा कौतुकापेक्षा गोड लागते. भेट द्यायची असेल तर सोनेरी कागदात गुंडाळलेली, तळाला छिद्र नसलेली कुंडी देऊ नका. चांगले कुजलेले शेणखत द्या आणि फराळाच्या गडबडीच्या दिवसांत झाडांना पाणी घालायचे काम स्वतःकडे घ्या. ते संदेशातच लिहून टाकलेत तर संदेश लहान असला तरी चालेल.

माझे मत विचाराल तर हा संदेश लक्ष्मीपूजनाला पाठवूच नका, कारण त्या दिवशी तो शंभर पणत्यांच्या चित्रांखाली गाडला जाईल. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न असते. उसाचा मांडव, वृंदावनात ठेवलेले आवळे आणि चिंचा हा खरा बागवाल्यांचा सण आहे आणि तोवर फटाके व पाहुणे दोन्ही ओसरलेले असतात.

एक गोष्ट सांगायची राहिली. नत्र जास्त झाले तरी शेवंतीचा पालाच माजतो आणि काही जाती उजेडाला तितक्या दाद देत नाहीत, त्यामुळे आईची शेवंती फुलली नाही तर लगेच शेजाऱ्यांच्या दिव्याशी भांडायला जाऊ नका. आधी एक कुंडी काळोख्या कोपऱ्यात ठेवून पाहा. आमच्या टाकीमागच्या कुंड्यांना खत तेच होते, हे मी भाऊजींसाठी पुन्हा लिहून ठेवते. ते माझी उत्तरे वाचतात.