सोलापूरजवळ शेतावर मुक्काम आहे, एका दिवसात काय बघावं?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत मंद्रूपजवळच्या शेतावर उतरणार आहोत, सोबत आई-वडील आणि शाळकरी मुलगी आहे, तर अक्कलकोट, तुळजापूर आणि नळदुर्ग एका दिवसात होईल का. होईल की. पण तुम्हीच प्रश्नात लिहिलंय, ‘भरपूर चालायचंय’. ही तिन्ही ठिकाणं धरलीत तर चालणं पार्किंगपासून देवळाच्या रांगेपर्यंतच होईल.

मी सोलापूरचाच. माझं ऐकाल तर तो दिवस हत्तरसंग कुडलला द्या. मंद्रूपवरून रस्ता आहे, आणि सीना भीमेला मिळते ती हीच जागा. पलीकडचा काठ कर्नाटकात. नाश्ता शेतावरच उरकून उन्हाच्या आत निघा. आई-वडिलांना गाडीनं थेट देवळापाशी सोडा, तुम्ही आणि मुलगी गावाच्या अलीकडे उतरून चालत या. या दिवसांत दोन्ही बाजूंना डोक्याएवढी ज्वारी उभी असते. बांधावरनं जायचं असेल तर आधी शेतकऱ्याला विचारा. नाही म्हणणारा क्वचितच भेटतो, उलट हुरड्याला बसवून घेतील. शेणीच्या आरावर भाजलेलं कणीस हातावर चोळून देतात, सोबत शेंगाची चटणी. मुलीला तिखट झेपत नसेल तर गूळ मागून घ्या.

संगमावर दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. बरेच लोक संगमेश्वराला हात जोडतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. संगमेश्वराच्या आत मान वर करून तुळई शोधा. तिच्यावर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे, आणि मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो धरतात. ‘हे वाचील तो विजयी होईल’ अशा अर्थाची ओळ त्यात आहे. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी या लेखावर काम केलं. आत उजेड कमी असतो, टॉर्च हवाच. मुलीला अक्षरं लावायला सांगा, अर्धा तास सहज जातो.

हरिहरेश्वर कितीतरी वर्षं मातीखाली होतं. १९९९ मध्ये उत्खननात तिथलं बहुमुखी शिवलिंग वर आलं. एकाच दगडावर साडेतीनशेच्या वर मुखं कोरलेली आहेत. मोजायला जाऊ नका, दोन ओळींतच हिशेब चुकतो. त्यापेक्षा समोरच्या गोल स्वर्गमंडपात, म्हणजे वरून आकाशाला उघड्या मंडपात, निवांत बसा आणि खांब बघा. मला स्वतःला शिवलिंगापेक्षा तो मंडपच जास्त आवडतो.

पाण्यात मात्र उतरू नका. उजनी धरणातून भीमेत अधूनमधून पाणी सोडतात, त्यामुळे पात्र कधी भरलेलं तर कधी उघडं असतं. काठाला काळ्या मातीचा गाळही असतो. जेवणासाठी हॉटेल शोधत बसण्यापेक्षा कडक भाकरी, दही आणि चटणी शेतावरूनच बांधून न्या.

तुमचा दुसरा प्रश्न, माळढोक पक्षी बघायला मिळेल का. नान्नज अभयारण्य सोलापूरच्या उत्तरेला, बार्शी रस्त्यावर आहे. कुडल दक्षिणेला, म्हणून दोन्ही एका दिवसात कोंबू नका. जमलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे नान्नजला जा. माळढोक आता जवळजवळ दिसेनासाच झालाय, त्याच्या आशेवर मुलीला उठवू नका. काळविटांचे कळप मात्र बहुतेक दिसतात, आणि नशीब असेल तर गवतातून जाणारा लांडगाही. जायच्या आधी वन विभागाकडे प्रवेशाची चौकशी करून घ्या.

आणि नळदुर्ग या खेपेला सोडाच. किल्ला कधीही बघण्यासारखाच आहे, पण इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेल्या पाणी महालावरून नर-मादी धबधबे कोसळतात ते चांगला पाऊस होऊन बोरी नदी भरली की. त्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात वेगळे या.