आबांचा ताण

प्रश्न : माझे यजमान बुटीबोरीच्या एमआयडीसीत आहेत. दुसरी पाळी संपवून रात्री मोटरसायकलनं येतात. 15 मिनिटं उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढे ट्रकच येतो. मुलगी बारावीत, पेपर चांगला गेला म्हणाली तरी मी तिला मनात नापास करून मोकळी. सासूबाई म्हणतात, वाईट धरून चालावं, मग धक्का बसत नाही. पण मी थकले आहे. चांगलं होईल असं धरून चालणं वेडेपणा आहे का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, धक्का बसत नाही, हे खोटं. आबा, म्हणजे माझे वडील, आजारी पडल्यापासून दोन वर्षं मी ‘त्या’ फोनची तयारी करत होते. फोन आला तेव्हा बसायचा तेवढा धक्का बसलाच. त्या दोन वर्षांत त्यांच्याशी निवांत गप्पा मारायच्या मात्र राहिल्या.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग होती. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा फुलोरा, घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. 45 अंशांच्या उन्हात पानं मलूल होतात, काही गळतात. नवख्याला वाटावं, बाग गेली. मी आठवीत असेन. एकदा तरी ओलीत करा म्हणून आबांच्या मागे लागले. ‘काहून घाबरतं वं? पाऊस आला की फुलते,’ म्हणाले. पण हेच आबा रोज पहाटे ओळीओळीनं फिरायचे, पान चिमटीत धरून पाहायचे आणि हलक्या जमिनीतलं एखादं झाड फारच सुकलं तर दोन घागरी ओतून यायचे. आम्हाला न सांगता!

एका वर्षी बहार फुटलाच नाही. दिवाळीला नवे कपडे आले नाहीत. आबा ‘आपलं नशीबच फुटकं’ म्हणाले नाहीत. ‘औंदा मृगानं दगा दिला’ म्हणाले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी पुढे हेच अभ्यासलं : निराशावादी माणूस संकट कायमचं, सगळं आयुष्य व्यापणारं आणि आपल्याच दोषामुळे आलेलं मानतो, आशावादी त्याला तेवढ्यापुरतं ठेवतो. ही सवय बदलता येते, असंही ते सांगतात. आबांचं काम ‘औंदा’वर भागलं.

आता तुमचं. यजमानांच्या गाडीचा मागचा दिवा लागतो का ते पाहा, हेल्मेटचा पट्टा तपासा, निघताना ‘निघालो’ एवढा मेसेज टाकायला सांगा. या तुमच्या दोन घागरी. गाडीवर असताना फोन मात्र करू नका. अपघाताला तेच निमंत्रण. लेकीचा निकाल बोर्डाला लावू द्या. तुमचा चेहरा ती रोज वाचते आहे.

मी एक वही केली होती. भीती वाटली की तारीख टाकून लिहायची, महिन्यानं समोर काय झालं ते. पहिल्या महिन्यात 14 नोंदी, खरी ठरली एक : ऐन मे महिन्यात कूलरची मोटर जळेल. जळली. सीताबर्डीहून दुसरी आणली.

झोपच उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर वहीवर थांबू नका. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

नाहीतर आज रात्री खिडकीत उभं राहण्याऐवजी वही घ्या. लिहा : ‘अकरा पन्नास. अजून आले नाहीत.’ समोरची जागा कोरी सोडा आणि त्यांच्यासाठी वरण गरम करायला ठेवा.