वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअरमधले बग (चुका) परत का येतात?

प्रश्न : आमची पाच जणांची टीम आहे. काम तोंडी ठरतं, लगेच कोड सुरू होतो आणि टेस्टिंगच्या वाट्याला शेवटचे दोन दिवस येतात. दुरुस्त केलेले बग पुढच्या रिलीजमध्ये पुन्हा डोकं वर काढतात. शिस्त लावायची तर कुठून?

उत्तर : आधी एक गोष्ट तपासा. घाईची दुरुस्ती रिलीजच्या ब्रांचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) होते आणि मुख्य ब्रांचमध्ये न्यायची राहून जाते, असं तर होत नाही ना? बग परतण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. दुरुस्ती आधी मुख्य ब्रांचमध्ये करा, मग रिलीजवर न्या. शिवाय बगला हात लावण्यापूर्वी त्याच्यामुळे नापास होणारी टेस्ट लिहा. ती नापास झालेली डोळ्यांनी पाहा, मग दुरुस्ती करा. ही टेस्ट प्रत्येक मर्जच्या (बदल मुख्य ब्रांचमध्ये मिसळण्याच्या) आधी आपोआप चालली पाहिजे.

काम तोंडी ठरवणं मात्र आजच थांबवा. ‘पासवर्ड रीसेट हवं’ एवढ्यावर कोड सुरू करू नये. लिंक ३० मिनिटांनी बाद व्हावी, एकदाच चालावी, नोंद नसलेल्या ईमेललाही तोच संदेश दिसावा, अशा तीन अटी लिहिल्या की टेस्टर त्याच दिवशी टेस्ट केस लिहायला बसतो. (तिसरी अट हमखास विसरली जाते. संदेश वेगळा दिसला, तर कोणाचं खातं आहे ते परक्यालाही कळतं.)

डिझाइनचं पान प्रत्येक कामाला नको. डेटाबेसचं टेबल किंवा दुसऱ्या टीमने वापरलेला एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत) बदलणार असेल, तरच लिहा. त्यात रिलीज मागे घ्यावं लागलं तर डेटाचं काय, हे असायलाच हवं. कॉलमचं नाव थेट बदललं, तर जुना कोड परत लावता येत नाही. आधी नवा कॉलम जोडा, दोन्हींत लिहायला लागा, जुना डेटा नव्यात भरा, वाचन नव्यावरून करा. काही दिवस सुरळीत गेल्यावरच जुना काढा. कंटाळवाणं आहे, पण एकेक पायरी मागे घेता येते.

प्रश्न : कोड रिव्ह्यूत (सहकाऱ्याने कोड वाचून तपासण्यात) बहुतेक वेळा नुसतं ‘ठीक आहे’ येतं. काय करावं?

उत्तर : बदल केवढा असतो? दीड हजार ओळी कोणी मन लावून वाचत नाही. एका वेळी २०० ते ४०० ओळींच्या वर जाऊ नका. नावं बदलणं, फाइली हलवणं हे वेगळ्या बदलात पाठवा, नाहीतर प्रोग्रामची वागणूक बदलणाऱ्या चार ओळी त्यात हरवतात. स्पेस आणि कंसांचे वाद लिंटरवर (कोडची मांडणी आपोआप तपासणाऱ्या साधनावर) सोडा.

प्रश्न : टेस्ट कव्हरेज (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या ते प्रमाण) १०० टक्के झालं की पुरे?

उत्तर : नाही. ओळ चालली एवढंच त्यातून कळतं. काहीच न पडताळणारी टेस्टही कव्हरेज वाढवते. टोकाची मूल्यं (अगदी लहान किंवा अगदी मोठे आकडे) वेगळी तपासावी लागतात. एरियन ५ रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नव्हती. तोच कोड एरियन ४ वर बिनतक्रार चालत होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्याने ती संख्या फुगली, आणि त्याच्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन तो कोड तपासलाच गेला नव्हता.