झोप लागत नाही, लागली तर टिकत नाही: कारणे कोणती आणि गोळ्यांशिवाय काय करता येईल?

आपण लिहिले आहे की रात्री अंथरुणावर पडल्यावर तास-दीड तास झोप लागत नाही, पहाटे तीनच्या सुमारास पुन्हा जाग येते आणि हे काही महिन्यांपासून चालू आहे. माझ्या मते येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत: झोप मुळात कशामुळे बिघडली, आणि ती अजून का सावरली नाही.

पहिल्याचे उत्तर बहुधा आपल्याला ठाऊक असते. कामाचा ताण, आजारपण, जवळच्या माणसाची काळजी, कामाची बदलती पाळी (शिफ्ट) अशा कारणांनी कोणाचीही झोप उडते आणि बहुतेकांची ती काही दिवसांत पूर्ववत होते. ज्यांची होत नाही, त्यांच्या बाबतीत गेलेली झोप भरून काढण्याची धडपडच पुष्कळदा आड येते. आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि त्यातून झोपेची ओढ वाढते. परंतु दुपारी डुलकी घेतली, सकाळी उशिरापर्यंत झोपलो किंवा पेंग येत नसतानाच लवकर आडवे झालो, तर ती ओढ पुरेशी वाढण्याआधीच आपण झोपेची अपेक्षा करू लागतो. मग कूस बदलत आणि घड्याळ पाहत रात्र जाते, आणि काही आठवड्यांत अंथरूण दिसताच मन सावध होऊ लागते.

कॅफीन याच अडेनोसिनचा परिणाम रोखते. त्याचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात (काहींना याहून बरेच अधिक), म्हणून संध्याकाळची कॉफी मध्यरात्रीपर्यंत बाधू शकते. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटक होते. मोबाइलच्या प्रकाशाला मात्र, मला वाटते, वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. त्यावर आपण काय वाचतो आणि त्याने डोके किती तापते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

दीर्घकालीन अनिद्रेवर पहिला उपचार म्हणून गोळ्यांऐवजी सीबीटी-आय (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी फॉर इन्सोम्निया) ही विचार आणि सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. तिचा गाभा असा: उठण्याची वेळ एकच ठेवावी, रात्र कशीही गेली तरी आणि सुट्टीच्या दिवशीही. दोन आठवडे झोपेची नोंद ठेवून प्रत्यक्ष किती तास झोप होते ते पाहावे आणि अंथरुणावर साधारण तेवढाच वेळ घालवावा, मात्र पाच तासांपेक्षा कमी नाही. त्यातील ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटे वाढवावीत. वीसएक मिनिटे झोप लागली नाही, तर उठून मंद प्रकाशात काहीतरी शांत, किंबहुना थोडे कंटाळवाणे, करावे आणि पेंग आल्यावरच परत जावे. घड्याळ नजरेआड असलेले बरे.

सुरुवातीचे एक-दोन आठवडे हे जड जाते, कारण दिवसा झोप अनावर होते. म्हणून वाहन चालवणे हेच ज्यांचे काम आहे त्यांनी, तसेच अपस्मार किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी, अंथरुणावरचा वेळ कमी करण्याचा हा भाग स्वतःहून करू नये.

काही कारणांवर मात्र सवयी बदलून भागत नाही. मोठे घोरणे आणि झोपेत श्वास अडणे, रात्री पाय सतत हलवावेसे वाटणे (याच्या मुळाशी कधीकधी लोहाची कमतरता असते), थायरॉईडची अतिक्रियाशीलता, नैराश्य, किंवा स्टेरॉइडसारखी औषधे यांची शंका असल्यास आधी डॉक्टरांना भेटावे. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री असा त्रास तीन महिने होत असेल, तर तो दीर्घकालीन अनिद्रेत मोडतो. आपण त्या मर्यादेच्या आसपास आहात असे दिसते, त्यामुळे ही भेट लांबवू नये. झोपेच्या गोळ्या आधीच रोज घेत असाल, तर त्या एकदम थांबवू नका. मात्रा हळूहळू कशी उतरवायची, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.